'शक्यतो'ची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

'शक्यतो लवकर ये', 'शक्यतो विसरू नकोस' असं आपण सहज म्हणतो. सॉफ्टवेअरचा आराखडा लिहिणाऱ्याला मात्र हा 'शक्यतो' खपत नाही. त्याला 'झालंच पाहिजे' नाहीतर 'होता कामा नये', एवढंच चालतं. आज मी 'शक्यतो'ची बाजू घेणार आहे.

एखादी सेवा शेकडो संगणकांवर पसरलेली असते आणि त्यातला एखादा सतत आजारी असतो. माणूस धावणार तरी किती? श्वास आणि हृदयाचे ठोके शरीर आपणहून सांभाळतं, तसं संगणकप्रणालीनेही स्वतःला सांभाळावं, ही कल्पना आयबीएमने २००१ मध्ये मांडली. पाहायचं, ताडायचं, बेत आखायचा, अमलात आणायचा, की पुन्हा पाहायचं.

अशा प्रणालीला 'आधी हे कर, मग ते कर' सांगून भागत नाही, कारण उद्या काय बिघडेल ते कुणाला ठाऊक? म्हणून काय टिकवायचं तेवढं सांगतात. अनेक संगणकांवर प्रोग्रॅम चालते ठेवणाऱ्या, २०१४ मध्ये आलेल्या कुबरनेटीस या प्रणालीत आपण लिहितो, या प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू हव्यात. एक पडली की तिच्या जागी दुसरी उभी राहते.

पण तीनही प्रती चालवण्याइतकी ताकदच उरली नाही तर? काय सोडायचं आणि किती? प्रणालीकडून काय हवं त्या अटी लिहिण्यासाठी २००९ मध्ये मांडलेली 'रिलॅक्स' ही भाषा नेमकी इथे उपयोगी पडते. 'शक्य तितक्या लवकर', 'शक्य तितके जास्त' हे शब्द तिच्या व्याकरणातच आहेत. खरं आणि खोटं यांच्या मधल्या पायऱ्याही मानणाऱ्या फझी लॉजिकमुळे त्यांना गणिती अर्थही आहे: अट पाळली की मोडली एवढंच नव्हे, किती पाळली तेही मोजता येतं. कोणती अट सैल करायची आणि कोणती मुळीच नाही, हे मात्र माणसानेच आधी ठरवायचं. खरी कसोटी तीच, असं मला वाटतं.

मुळीच सैल न करण्याजोगी एक अट सांगतो: जुना बेत नव्यावर चढता कामा नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेझॉनच्या डायनॅमोडीबी या माहिती साठवणाऱ्या सेवेचे इंटरनेटवरचे पत्ते सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा अडखळली. तिचे दोन कामकरी प्रोग्रॅम एकाच वेळी पत्ते बदलत होते. त्यातल्या रेंगाळलेल्याने जुना बेत नव्या बेतावर चढवला. दुसऱ्याने तो जुना म्हणून पुसून टाकला, आणि सेवेचा पत्ताच कोरा झाला. 'आपला बेत नवा आहे ना?' ही तपासणी होती, पण कामाच्या सुरुवातीला, एकदाच. पत्ता पुन्हा भरायला शेवटी माणसंच लागली.

नमस्कार.