फ्रँकफर्टचा ओटा आणि न्यू यॉर्कचं ब्राँझ

मित्रहो, आधुनिक वास्तुकला म्हटली की काचेचे मनोरे, पांढऱ्या भिंती आणि सपाट छपरं डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आज तुम्हाला एका स्वयंपाकघरात नेणार आहे. रुंदी सहा फुटांच्या थोडी वर, लांबी अकरा फुटांच्या थोडी वर. शहर फ्रँकफर्ट, साल १९२६. आराखडा मार्गारेट लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या २९ वर्षांच्या वास्तुविशारद बाईंचा. पुढे लग्नानंतर त्या शुटे-लिहोत्स्की झाल्या.

आत उभं राहून नीट पाहा. खिडकीपाशी उजेडात कामाचा ओटा, त्याच्यापुढे फिरतं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरता यावी. ओट्यालाच एक खाच, सालं तिथून थेट खालच्या खणात. साखर, तांदूळ, डाळी यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे खण. एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला चोच, ओढायचे आणि सरळ भांड्यात ओतायचे. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे किडा लागत नाही असा हिशेब. कपाटांना निळसर रंग दिला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हाची समजूत. छताला पट्टी, तिच्यावर सरकणारा दिवा. इस्त्रीची फळी भिंतीला लावलेली, हवी तेव्हा खाली पाडायची. रोज तेच काम करून कुणाची तरी पाठ दुखते, हे या खोलीत इंचाइंचाला ध्यानात घेतलेलं आहे. सजावट म्हणावी अशी एकही वस्तू नाही, तरी मला ही त्या काळातली सर्वांत देखणी खोली वाटते.

यातली एक मूळ कल्पना अमेरिकेची. क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी कारखान्यातली वेळ मोजण्याची पद्धत घरात आणली होती: चुलीपासून मोरीपर्यंत किती पावलं पडतात, त्यातली फुकट किती. त्यांचं लेखन जर्मनीत पोचलं आणि लिहोत्स्कींनी ते अभ्यासलं. रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघरही त्यांच्यापुढे होतं. म्हणजे युरोपातून अमेरिकेत गेलेली म्हणून आपण जी आधुनिकता ओळखतो, तिचा एक धागा आधी अमेरिकेतून युरोपात आला होता.

पण कल्पनेला पैसा लागतो, आणि फ्रँकफर्टची गोष्ट त्याशिवाय कळत नाही. १९२३च्या महागाईत जर्मन चलन मातीमोल झालं. जुन्या घरमालकांची कर्जं त्यात आपसूक बुडाली. त्यांना हा लाभ आयता मिळाला, तेव्हा त्याचा वाटा समाजाला द्या, असं म्हणून १९२४मध्ये जुन्या इमारतींवर कर बसला आणि त्याचा मोठा भाग नव्या घरांकडे वळला. १९२५मध्ये अर्न्स्ट माय शहराच्या बांधकाम खात्याचे प्रमुख झाले. पाचेक वर्षांत वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या. हे स्वयंपाकघर सुमारे १० हजार घरांत बसलं, तेही घराचाच भाग म्हणून, भाड्यात धरून. लहान घरात मावतील अशा खुर्च्या, दिवे, दाराच्या मुठी यांची निवडक यादी नगरपालिकेच्या नियतकालिकातून छापली जाई.

उणिवा होत्या, आणि त्या लपवू नयेत. त्या खोलीत दोन माणसं एकत्र काम करू शकत नसत, त्यामुळे बाई एकटी पडे. र्‍योमरश्टाट वसाहत पूर्ण विजेवर चालणारी होती. तिथले भाडेकरू वीजबिलाने हैराण झाले. ज्या कामगारांसाठी हे सारं मांडलं, त्यांतल्या सर्वांत गरिबांना भाडं परवडत नव्हतंच.

मग मंदी आली. १९३०मध्ये माय आपल्या सहकाऱ्यांसह सोव्हिएत संघात गेले, शुटे-लिहोत्स्कीही गेल्या. १९३३मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस, म्हणजे आधुनिक कला-वास्तुकलेची नामवंत जर्मन शाळा, बंद पडली. तिचे संस्थापक वास्तुविशारद ग्रोपियस १९३७मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेले, शेवटचे प्रमुख मीस व्हॅन डर रोह १९३८मध्ये शिकागोला. शुटे-लिहोत्स्की नाझीविरोधी कामासाठी व्हिएन्नाला परतल्या, १९४१मध्ये पकडल्या गेल्या आणि १९४५पर्यंत तुरुंगात राहिल्या.

अमेरिकेने यातलं काय घेतलं? १९३२मध्येच न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात स्वस्त घरांचा विभागही होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती शैली: वजनदार भिंतींऐवजी हलका आकार, सममितीऐवजी शिस्तबद्ध पुनरावृत्ती, वरून चिकटवलेलं अलंकरण वर्ज्य. तिन्ही नियम डोळ्यांनी पाहायचे. भाडं किती, कर कुणावर, जमीन कुणाची, हे त्यात कुठेच बसत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

ते प्रश्न उचलणारी एक बाई अमेरिकेत होती, आणि तिचं नाव आपण वास्तुकलेच्या वर्गात फार कमी घेतो. कॅथरीन बाउर. १९३०मध्ये तिने फ्रँकफर्ट स्वतः पाहिलं, तिथल्या घरांवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळवलं आणि पुढे कामगार संघटनांना हाताशी धरून १९३७च्या गृहनिर्माण कायद्यासाठी झटली. कायदा झाला. पण खासगी बांधकाम व्यवसायाचा विरोध मोठा होता. दर खोलीमागच्या खर्चावर कडक मर्यादा आल्या. काही सरकारी वसाहतींत तर काटकसर इतकी, की भिंतीतल्या कपाटांना दारंच बसवली नाहीत.

आणि १९५८मध्ये त्याच न्यू यॉर्कमध्ये, पार्क अव्हेन्यूवर, मीसची ३८ मजली सीग्रॅम इमारत पूर्ण झाली. आगीच्या नियमांमुळे खरा पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकावा लागला होता. तो दिसावा म्हणून काचेबाहेर उभ्या तुळया लावल्या, त्याही ब्राँझच्या. इमारतीचा भार त्या पेलत नाहीत. अत्यंत सुंदर इमारत आहे, मी ते मनापासून म्हणतो. पण फ्रँकफर्टमध्ये पिठाच्या खणाचं लाकूडसुद्धा भाडेकरूसाठी विचार करून निवडलं होतं. इथे ब्राँझ होतं एका दारूच्या कंपनीच्या मुख्यालयासाठी, आणि सरकारी घरांतली कपाटं बिनदारांची होती.