क्रमांक शून्य : मिसिंगनोचा माग

पाण्यावरून सरकणाऱ्या खेळाडूसमोर अचानक उभा राहणारा विस्कटलेल्या ठिपक्यांचा उभट ठोकळा म्हणजे ‘मिसिंगनो’. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावर आलेल्या आणि १९९८ साली ‘रेड’ व ‘ब्लू’ या नावांनी अमेरिकेत पोचलेल्या पोकेमॉन या काल्पनिक जीव पकडण्याच्या खेळात हा जीव कोणी मुद्दाम घातलेला नाही. त्याच्याविषयीच्या भुताखेतांच्या कथा बाजूला ठेवू, कारण कार्ट्रिजमधली, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीतली, हकिकत त्यांच्याहून रंजक आहे.

खेळाच्या आतल्या यादीत जिवांसाठी १९० जागा आहेत आणि पोकेमॉन मात्र १५१च. उरलेल्या ३९ जागांवर मिसिंगनो हे एकच नाव भरलेले असून, त्या सर्वांना पोकेडेक्समधला, म्हणजे खेळातल्या पोकेमॉनच्या नोंदवहीतला, क्रमांक शून्य दिलेला आहे. खेळाडू तिथवर पोचणारच नाही, असे गृहीत धरले होते. तो पोचला तो खेळातल्या एका म्हाताऱ्यामुळे.

विरिडियन सिटीतला हा म्हातारा पोकेमॉन कसा पकडावा याचे प्रात्यक्षिक दाखवतो. तेवढ्यापुरते लढाईच्या पडद्यावर ‘ओल्ड मॅन’ असे नाव दिसायला हवे, म्हणून खेळाडूचे खरे नाव कुठेतरी जपून ठेवावे लागते. आणि ते ठेवले जाते नेमके त्या जागी, जिथे एरवी गवतात भेटणाऱ्या जंगली पोकेमॉनची यादी असते. शहरात गवत नाही आणि पुढच्या रस्त्यावर पाऊल टाकताच तिथली यादी त्या नावावर लिहिली जाणार, तेव्हा ही जागा वापरायला हरकत नाही, असा तो हिशोब होता. अवघ्या ८ किलोबाइट कार्यकारी मेमरीच्या यंत्रावर असा हिशोब करणाऱ्याला गलथान म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

आता खेळाडू उडत थेट सिनाबार बेटावर उतरतो. इथेही गवत नसल्यामुळे त्याचे नाव यादीच्या जागी तसेच राहते. गंमत आहे ती बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या पट्टीत. खेळाडू उभा असलेला चौरस चार तुकड्यांचा असतो. जंगली जीव भेटू शकतो का, हे खेळ खालच्या उजव्या तुकड्यावरून ठरवतो आणि कोणत्या यादीतला भेटेल, हे खालच्या डाव्या तुकड्यावरून. इथे उजवीकडे पाणी आहे आणि डावीकडे किनारा. त्यामुळे पाण्यावर असूनही गवताची यादी उघडते आणि नावातली अक्षरे जीव म्हणून वाचली जातात. दुसरे, चौथे आणि सहावे अक्षर पातळी ठरवते, तर तिसरे, पाचवे आणि सातवे जीव ठरवते. तिथे छोट्या लिपीतले डब्ल्यू, एक्स किंवा वाय असेल, तर ठोकळ्याऐवजी अनुक्रमे काबुटॉप्स या पोकेमॉनचा सांगाडा, एरोडॅक्टिल या पोकेमॉनचा सांगाडा किंवा भूत समोर येते. सांगाडे खेळातल्या प्यूटर सिटीच्या संग्रहालयातले, भूत लॅव्हेंडर टाऊनच्या मनोऱ्यातले. ही चित्रे ठेवण्यासाठी रिकाम्या जागांपैकीच तीन वापरल्या होत्या.

मिसिंगनो भेटला की खेळाडूच्या बॅगेतल्या सहाव्या वस्तूची संख्या एकदम वाढते. ती का, याचे उत्तरही तितकेच नेमके आहे. दिसलेल्या प्रत्येक जिवासाठी पोकेडेक्स एक बिट (शून्य किंवा एक एवढीच नोंद) राखून ठेवतो, आठ बिटांचा एक बाइट होतो आणि १५१ जिवांना १९ बाइट पुरतात. मिसिंगनो दिसताच खेळ त्याच्या क्रमांकातून, म्हणजे शून्यातून, एक वजा करतो. त्या बाइटमध्ये ऋण संख्येची सोय नसल्याने उत्तर २५५ येते. २५५ क्रमांकाचा बिट शोधत खेळ पोकेडेक्सची हद्द ओलांडतो आणि मेमरीत शेजारीच असलेल्या बॅगेत शिरतो. बॅगेचा पहिला बाइट एकूण नगांचा आणि त्यापुढे प्रत्येक वस्तूचे दोन, एक ओळखीचा व एक संख्येचा. मोजत गेल्यास हवा तो बिट सहाव्या वस्तूच्या संख्येतला सर्वांत वरचा निघतो, ज्याची किंमत १२८ आहे. म्हणूनच तिथे एक रेअर कँडी (पोकेमॉनची पातळी वाढवणारी गोळी) असेल, तर तिच्या १२९ होतात. संख्येसाठी दोनच अंकांची जागा असल्याने पहिल्या अंकाऐवजी भलतीच खूण उमटते.

मिसिंगनोचे चित्र आपल्या जागेबाहेर सांडून हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे खेळ जिंकणाऱ्या चमूंच्या यादीतल्या, नोंदी विस्कटते. साठवलेला खेळ सहसा शाबूत राहतो.

१९० जागांच्या त्या यादीत २१व्या जागी म्यू नावाचा पोकेमॉन आहे. खेळ जवळपास पूर्ण झाल्यावर चाचणीची साधने काढून टाकण्यात आली, त्यातून सुमारे ३०० बाइट मोकळे झाले आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तेवढ्यात हा १५१वा जीव बसवला. खेळात तो मिळवण्याचा अधिकृत मार्गच ठेवलेला नव्हता. १९९६ साली कोरोकोरो कॉमिक या मासिकातून तो २० वाचकांना देण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा सुमारे ७८,००० अर्ज आले.