वीज गेल्यावर पाणी कुठे जातं?

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे सोडण्याआधीची तयारी. तिकडे येतोच. पण टाकी बांधताना काच किती मिलिमीटरची यावर तासन्तास चर्चा होते आणि पंप बंद पडला तर काय, हे कुणी विचारतच नाही. म्हणून आधी ते बोलू.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. 24 घनफूट, म्हणजे साधारण 680 लिटर. तिच्याखाली असतो संप, म्हणजे पाणी गाळायची छोटी टाकी. वरच्या टाकीच्या काठाजवळच्या ओव्हरफ्लोतून पाणी संपात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या नळीने परत वर चढवतो. पाणी, काच, दगड, वाळू आणि संप मिळून वजन टनाच्या वर जातं, तेव्हा फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काच कापायला सांगू नका.

आता हिशेब. या टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, 28 लिटर. रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्याखाली चार इंच असेल, तर वीज जाताच तीच नळी उलटी चालते आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी संपात ओतते. चार घनफूट. संप चार बाय दीड बाय दीड फुटांचा, म्हणजे नऊ घनफुटांचा. तो दोन तृतीयांश भरलेला असेल तर जागा उरते तीन घनफुटांची. उरलेलं 28 लिटर मिठाचं पाणी थेट लादीवर, आणि तिथेच खाली एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला असतो! बोर्ड भिंतीवर उंच लावा. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळावरून गळतात, प्लगमध्ये शिरत नाहीत.

दुकानदार सांगतील, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप, बसवा. बसवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. झडपेत वाळूचा कण किंवा चुनखडी अडकली की ती पूर्ण मिटत नाही. नळीचं तोंडच पाण्याच्या पातळीखाली जेमतेम अर्धा इंच ठेवा. मग परत येतं 14 लिटर, शिवाय ओव्हरफ्लोच्या कडेवरचं आणि पाइपांतलं थोडं. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर पंप बंद करून बघा आणि पंप चालू असतानाची सुरक्षित पातळी संपावर मार्करने आखून ठेवा.

याची उलट बाजूही आहे. ओव्हरफ्लोत शंख अडकला तर पंप संपातलं पाणी वर चढवतच राहतो. वरच्या टाकीत दीड इंच जागा असेल, तर संपातल्या पंपाच्या कप्प्यात 40 लिटरपेक्षा जास्त पाणी मावता कामा नये.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. भराभर सांगतो. किनाऱ्यावरचं पाणी आणू नका. मुंबईजवळ त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही घटतो. आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणी घ्या, लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे मत्स्यटाकीसाठीचं समुद्री मीठ, आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना गोडंच घाला, मीठ मागेच राहिलेलं असतं.

दगड कोरडेच घ्या, समुद्रातून काढलेले जिवंत नकोत. आपल्या समुद्रातले प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मग अमोनियम क्लोराइडने टाकीतला अमोनिया 2 पीपीएमवर, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅमवर, आणा. हा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढाच डोस 24 तासांत पचून अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की निम्मं पाणी बदला आणि क्लाउनफिशची एक जोडी सोडा. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, टेस्ट किट पाहूनच.