थंड शेगडी, तापलेलं सोनं

[दृश्य : विटा, जि. सांगली. शेगडीत लालबुंद मूस.]

सोनं वितळायला हजार अंशांच्या वर आच लागते. मुशीत चिमूटभर टाकणखार पडला की मळी वर येते, खाली पाणी झालेलं सोनं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं माणसं गावाबाहेर काढली, आणि त्यांनी हे काम धरलं. केरळ असो की दिल्ली, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या, दुकानातून सांगलीकडची मराठी ऐकू येते.

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा. सोनंखरेदीचा मुहूर्त, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. महिन्यानं अक्षय्य तृतीया आली, तीही बंद शटरआड गेली. शेगड्या विझल्या. जमलं त्यांनी गाव गाठलं, बाकीचे दुकानाच्या माळ्यावरच अडकले.

आता गंमत बघा. म्हणजे, गंमत म्हणायची ती वेळ नव्हे. शेगडी थंड, आणि सोन्याचा भाव मात्र तापलेला! कारखाने थांबले, विमानं जमिनीवर आली, त्या वर्षी जगाची अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आकसली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर जवळजवळ शून्यावर आणले. व्याजात काही सुटेना म्हटल्यावर जगभरचा पैसा सोन्याकडे वळला. ऑगस्टमध्ये भाव औंसाला २,००० डॉलरच्या वर गेला, आपल्याकडे १० ग्रॅमला ५६ हजारांच्या आसपास.

भाव होता, गिऱ्हाईक नव्हतं. २०१९ मध्ये भारतात सुमारे ६९० टन सोनं खपलं होतं, २०२० मध्ये ४४६. तरी कपाटातून दागिने निघतच होते, गहाण टाकायला. रिझर्व्ह बँकेनं त्याच ऑगस्टमध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत तारण कर्ज द्यायची मुभा दिली. पगार तुटलेल्या घरांना तेवढाच टेकू.

२०२१ मध्ये आकडे उसळले. जग ६ टक्क्यांच्या आसपास वाढलं, देशातला सोन्याचा खप ८०० टनांजवळ गेला. राहिलेली लग्नं उरकली, शेगड्या पेटल्या. अर्थव्यवस्था सावरली म्हणतात, ते खोटं नाही. पण मार्चपर्यंत भाव बराच उतरला होता, पाठोपाठ दुसरी लाट आली, आणि ज्यांना तारण सोडवता आलं नाही त्यांचे डागदागिने लिलावात निघाले.

[दृश्य : चिमट्यात जुनं मंगळसूत्र.]

लिलावातले असे डाग फिरत फिरत मुशीपर्यंत येतात. गलाईवाला आधी तार तोडतो. काळे मणी मुशीत चालत नाहीत, ते डब्यात. वाट्या मुशीत.