चढावर चेन का उडते?

(दृश्य: सकाळची वेळ. गोळेवाडीचा नाका, सिंहगडाकडे वळणारा रस्ता, प्रवासी भरणाऱ्या जीप.)

गोळेवाडीचा नाका मागे पडला की सिंहगडाचा घाट सुरू होतो. वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर. रविवारी सकाळी पहिल्या वळणापाशी कान देऊन उभं राहिलं, तर जीपच्या हॉर्नमधून वाट काढत एक आवाज हमखास ऐकू येतो. कटाक्! आणि त्यापाठोपाठ सायकलवाल्याच्या तोंडून जे काही बाहेर पडतं, ते या निवेदनात सांगण्यासारखं नाही.

चेन उडालेली असते. पायाखालचं पेडल क्षणभर रिकामं जातं, गुडघा हँडलला लागतो, सायकल रस्त्याच्या मधोमध झोकांडी खाते. मागून जीप येत असेल तर प्रकरण गुडघ्यावर थांबेलच असं नाही.

गंमत अशी, की हीच सायकल खडकवासल्यापर्यंत कुरकुर न करता आलेली असते. दुकानात स्टँडवर चढवून हाताने पेडल फिरवलं, तरी सगळे गिअर सुरळीत पडतात. दुकानदार म्हणतो, काही झालेलं नाही. सायकलवाला म्हणतो, घाटात उडते. दोघंही खरंच बोलत असतात. स्टँडवर चेनला ताणच नसतो.

(दृश्य: पुढची चकती आणि क्रँक, अगदी जवळून.)

हा ताण किती असतो, ते पाहू. समजा चालवणाऱ्याचं वजन 70 किलो. चढावर तो सीटवरून उठून एका पेडलवर उभा राहिला. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबी 170 मिलीमीटर. पुढची चकती 34 दात्यांची, म्हणजे तिची त्रिज्या जेमतेम 69 मिलीमीटर. तरफेचं गणित मांडलं की चेनवर येणारा ताण निघतो 170 किलोच्या वर. पुढे 24 दात्यांची सर्वांत लहान चकती घेतली, तर तोच माणूस चेनला सुमारे 245 किलोने ओढतो. म्हणजे चढ सोपा करायला पुढचा गिअर हलका केला, पण पेडलवरचा जोर तेवढाच ठेवला, तर चेनवर मात्र जास्त जोर येतो. वर हँडल ओढून हिसका दिला, तर आकडा आणखी चढतो. आणि हे सगळं मागच्या चकतीच्या मोजक्या दात्यांनी पेलायचं.

आज आपण वापरतो ती रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरमध्ये आणली. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलीमीटर. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो डिरेलर. टूर द फ्रान्समध्ये त्याला परवानगी मिळाली ती 1937 साली. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं फिरवून बसवायचं. चाकाच्या दुसऱ्या बाजूला चढाची चकती असे. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या राजाचं राज्यसुद्धा शेवटी चार-पाच दात्यांवरच उभं असतं.

(दृश्य: सिंहगड रस्त्यालगतची पत्र्याची शेड. छताला टांगलेली चाकं, बाकाला बसवलेला व्हाइस.)

शेडमध्ये एक कॉलेजातली मुलगी सायकल घेऊन आली आहे. पुढे तीन चकत्या, मागे सात. अशा सायकली पुण्यात गल्लोगल्ली दिसतात.

"काका, गिअर सेट करून द्या ना. चढावर स्लिप होतायत."

"करू की. कुठला गिअर?"

"मागचा दोन नंबर. बाकीच्यांचं एवढं काही नाही."

"आणि एक नंबर?"

"एकवर जातच नाही तो."

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचललेला नाही. चेन उडते म्हटल्याबरोबर डिरेलरचे स्क्रू पिळायचे, ही आपली सार्वत्रिक खोड. व्हिडिओ बघून घरी पिळतात, दुकानातही पिळतात. स्क्रूने बरं होणारं दुखणं असेल तर ठीक. पण चढावर वजन पडल्यावरच उडणारी चेन बहुतेक वेळा झिजेचं दुखणं घेऊन आलेली असते, आणि झिजलेलं लोखंड कुठलाही स्क्रू भरून काढत नाही.

आधी एवढंच ठरवायचं, की नेमकं सुटतंय काय. चेन शेजारच्या चकतीवर उडी मारत असेल, तर वायर किंवा डिरेलर. चेन जागेवरच असेल, पण पेडल धपकन पोकळ जात असेल आणि ते प्रत्येक गिअरमध्ये होत असेल, तर फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्याच्या, पोटातल्या खिट्ट्या. त्या खाचेत अडकल्या तरच चाक ओढलं जातं. जुनं ग्रीस चिकट झालं की त्या अर्धवट उठतात, आणि जोर आला की निसटतात. पावसाळ्यात सायकल चिखलाने भरते, मग लोक ती गाड्या धुण्याच्या पंपाखाली धरतात. त्या जोराच्या फवाऱ्याने पाणी थेट आत शिरतं. सायकल चकाचक होते आणि महिन्याभरात खिट्ट्या रुसतात.

या सायकलचं तसं नाही. फक्त दोन नंबर उडतो, म्हणजे दोष खिट्ट्यांचा नाही.

"उडतो तो ठरलेल्या वेळाने का? म्हणजे तीन-साडेतीन पेडल झाले की एकदा, असं?"

"नाही. जोर दिला की केव्हाही."

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. चेनमध्ये साधारण 114 कड्या असतात. पुढे 34 दाते असले, तर पूर्ण चेन एकदा फिरून यायला पेडलचे तीन फेरे आणि वर थोडं लागतं. एखादी कडी ताठ झाली असेल, तर ती त्याच हिशेबाने पुन्हा पुन्हा अडते. बहुधा चेन तोडून जिथे जोडली, तीच कडी. पेडल उलटं फिरवत डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकाकडे पाहिलं, की ती वाकायचं नाकारताना दिसते. दोन्ही हातांनी आडवी हलवून मोकळी करता येते, पैसे पडत नाहीत. इथे ताठ कडी नाही.

(दृश्य: चेनवर धरलेली स्टीलची फूटपट्टी. पिनांचे मध्य आणि इंचाच्या खुणा.)

आता कंपासपेटीतली फूटपट्टी. प्लॅस्टिकची नको, स्टीलची. शून्याची खूण एका पिनच्या बरोबर मध्यावर धरायची, चेन ताणायची आणि 12 इंचावर बघायचं. नव्या चेनची पंचविसावी पिन बरोबर बारावर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे सरकली असेल, तर झीज अर्ध्या टक्क्याला पोचली. आठवा भाग सरकली असेल, तर त्या चेनने मागचे दातेही खाल्ले आहेत असं धरून चाला. अकरा-बारा गिअरच्या महागड्या सायकलींना अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलतात. जुन्या, जाड चेनला पाऊण टक्क्यापर्यंत चालवून घेतात.

चेन लांबते असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. आतली पिन आणि तिच्याभोवतीची पत्री एकमेकींवर घासून झिजतात. अर्धा टक्का म्हणजे एका कडीमागे सहा शतांश मिलीमीटर. सगळ्या चेनची मिळून झीज सात मिलीमीटरच्या आसपास. घासणारा असतो रस्त्यावरचा कच. घाटातली लाल माती आणि वर मुक्तहस्ते ओतलेलं ऑइल यांची जी लेई होते, तिच्याहून चांगली पॉलिश पेस्ट बाजारात मिळणार नाही. ऑइल प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकायचं आणि बाहेरचं फडक्याने पुसून घ्यायचं. कोरडी दिसणारी चेन आतून ओली असली की झालं.

या सायकलची चेन मात्र फूटपट्टीवर अगदी बरोबर आली.

"चेन नवी दिसते."

"मागच्याच महिन्यात बदलली. आधी कधीतरी उडायची, चेन बदलल्यावर जास्तच उडायला लागली. मला वाटलं, चेनच खराब दिली."

काका हसले. ही तक्रार त्यांनी ऐकलेली आहे. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, गिअर दोनवर टाकला, मागचा ब्रेक घट्ट दाबायला सांगितलं आणि पेडलवर पाय ठेवून वजन दिलं.

(दृश्य: मागची दोन नंबरची, 24 दात्यांची चकती, भिंगातून. आवाज बंद.)

इथे नीट बघा. रोलर दात्याच्या तळाशी बसायला हवा. तो दात्याच्या पाठीवर चढतोय. आणखी थोडा. टोकापर्यंत आला. सुटला.

जुनी चेन लांबलेली होती. तिने स्वतःच्या मापाने दात्यांमधल्या खाचा रुंद करून घेतल्या, दाते एका अंगाला कलून टोकदार झाले. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते. आता आली नवी चेन, तंतोतंत अर्ध्या इंचाची. रुंद खाचांशी तिचं माप जुळत नाही. सगळा जोर एक-दोन दात्यांवर येतो आणि त्यांची उभी भिंत केव्हाच झिजून उतरती झालेली असते. रोलरला चढायला तेवढं पुरतं. नवी चेन टाकल्यावर त्रास वाढला, तर नव्या चेनला दोष देण्याआधी मागची चकती बघा.

इथपर्यंत कोणीही जाणता मिस्त्री येतो. फ्रीव्हील बदलला, की गिऱ्हाईक खूश. काका तिथे थांबले नाहीत, आणि आमच्या मते या शेडची खरी किंमत इथे आहे.

त्यांनी मागच्या सात चकत्या फडक्याने पुसल्या. दोन नंबरचे दाते चांदीसारखे घासलेले. त्याच्या शेजारची सर्वांत मोठी, 28 दात्यांची चकती मात्र कोरी. कारखान्यातला तपकिरी मुलामासुद्धा दात्यांवर तसाच. घाटात चढणाऱ्या सायकलची चढाचीच चकती कोरी कशी?

"ही कधी उजव्या अंगावर पडली होती का?"

मुलगी आठवू लागली. पडली होती. पार्किंगमध्ये, शेजारच्या स्कूटरच्या धक्क्याने. एवढंच.

डिरेलर ज्याला लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा हँगर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. तो आत वाकला की चेन मोठ्या चकतीच्याही पलीकडे, आऱ्यांकडे जाऊ लागते. ते भयंकर. चालत्या सायकलचा डिरेलर आऱ्यांत गेला, तर चाक जागेवर थांबतं आणि डिरेलर, हँगर, आरे सगळंच एका झटक्यात जातं. कोणीतरी ते टाळलं, पण भलत्या ठिकाणी. हँगर सरळ करायच्या ऐवजी 'एल'चा, म्हणजे मोठ्या चकतीकडची हद्द ठरवणारा, स्क्रू पिळून डिरेलरची वाटच बंद केली. चेन आऱ्यांत जायची थांबली, आणि एक नंबरलाही मुकली. त्यानंतरचे सगळे चढ या मुलीने दोन नंबरवर काढले. पुढचा शिफ्टर अडकत होता, म्हणून पुढची छोटी चकतीही वापरात नव्हती. सगळे घाट एकाच चकतीने ओढले, तीच झिजली.

(दृश्य: हँगरला लावलेला मापाचा लांब दांडा.)

डिरेलर काढून त्या जागी एक लांब दांडा पिळून बसवला जातो. दांड्याचं टोक आणि रिंग यांतलं अंतर वर, खाली, पुढे, मागे तपासायचं. चारी ठिकाणी सारखं यायला हवं. इथे खालच्या बाजूला सहा मिलीमीटर आत. काकांनी दांड्यालाच हलका दाब देत हँगर सरळीत आणला, घाई न करता.

"एकदा सरळ होतो. परत पडली तर नवा टाकू. आणि येताना जुना घेऊन या, यात शंभर आकार असतात."

मग फ्रीव्हील. हा आट्यांवर बसतो आणि प्रत्येक पेडलबरोबर आणखी आवळत जातो. घाटात चढलेल्या सायकलचा फ्रीव्हील हाताच्या पान्याने सुटला, तर नशीब समजायचं. खाचांचा पाना व्हाइसमध्ये धरला, त्यावर चाक आडवं बसवलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी रिंग धरून डावीकडे जोर दिला. आधी काहीच नाही. मग एक कर्कश्श कुईं, आणि चाक फिरलं.

"काका, 34 दात्यांचा टाकू या का? चढ हलका होईल."

"होईल. पण चेन लांब लागेल, आणि हा डिरेलर तेवढी चकती पेलतो का ते बघावं लागेल. तुमची पुढची 24 आहे ना, ती आधी वापरा. शिफ्टर मोकळा करून देतो."

शिफ्टरमध्ये ग्रीस वाळलं होतं. मागच्या वायरीचीही कथा वेगळी नाही. सात गिअरच्या सायकलला एका टिचकीसरशी वायर सुमारे तीन मिलीमीटर सरकते आणि डिरेलर पाच. आऊटरमध्ये, म्हणजे वायरीवरच्या नळीत, गंज असला आणि वायर अर्धा मिलीमीटर जरी कमी सरकली, तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये अधांतरी राहते, आणि चढावर कुठल्या तरी एकीवर कोसळते. शर्यतीच्या सायकलींना टिचकीचे गिअर 1984 मध्ये शिमानोने आणले. त्याआधी शर्यतवाले चेनचा आवाज ऐकून लिव्हर जागेवर आणायचे. आता कानाचं काम वायर करते, तेव्हा ती निदान घाण नसावी. काकांनी वायर आणि आऊटर दोन्ही नवीन घातले.

स्क्रूड्रायव्हर निघाला तो आता. आधी 'एच', म्हणजे लहान चकतीकडची हद्द, मग 'एल', तोही इतकाच सैल की चेन 28 दात्यांवर जाईल आणि आऱ्यांपासून लांब राहील. शेवटी वायरीचा ताण.

(दृश्य: तोच घाट, दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलगी सीटवरून उठून पेडल मारते आहे.)

पुढे 24, मागे 28. चेन उडत नाही. निघताना काकांनी जे सांगितलं होतं, ते तेवढं ऐका.

"नवी वायर आहे, चार-आठ दिवसांत बसेल. गिअर मोठ्या चकतीवर जायला कुरकुर करेल. शिफ्टरपाशी हे गोल बटण आहे, ते घड्याळाच्या उलटं पाव फेरी फिरवा. नाही जमलं, तर आणखी पाव. 'एल'-'एच'ला हात लावायचा नाही. दिवाळीत पट्टी लावून चेन मोजा, पाऊस चेनला खातो. आणि पार्किंगमध्ये सायकल डाव्या अंगाने टेकवत जा."