भिंतीवर चढण्याआधी

कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात या क्षणी एकही चित्र भिंतीवर नाही. सगळी चित्रे फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली आहेत आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसलेले तिघे-चौघे संयोजक कोणते चित्र कोणाच्या शेजारी लावावे याचा खल करीत आहेत. शहरातील तरुण चित्रकार आणि शिल्पकारांचे प्रदर्शन उद्या सकाळी खुले व्हायचे आहे.

या शहराला कलापूर म्हणतात. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून निसर्गचित्रे रंगवली. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९२२ साली महाराज गेल्यानंतर आबालालांनी आपली कितीतरी चित्रे त्याच तळ्यात सोडून दिली, असे येथे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. ती आख्यायिकाही असेल. परंतु आश्रयदाता गेला की चित्र दाखवायचे कोणाला, हा त्यातला प्रश्न आजच्या जी. डी. आर्ट या कला-पदविकेच्या विद्यार्थ्यालाही पडतो. आता दरबार नाही. उधारीवर चौकटी करून देणारा फ्रेमवाला, कॅटलॉगच्या छपाईचा खर्च उचलणारा रंगसाहित्याचा दुकानदार आणि वर्गणीची पावती फाडून घेणारे शेजारीपाजारी मिळून जो आश्रय उभा राहतो, त्यावर हे प्रदर्शन चालते.

तारीख ठरवतानाच गावाचे वेळापत्रक पाहावे लागते. गणेशोत्सवापूर्वीचे महिने वर्ज्य, कारण शाहूपुरी आणि बापट कॅम्पमधील कुंभार कुटुंबांतली जी मुले उत्तम मूर्तिशिल्प करतात, त्यांचे हात त्या काळात गणेशमूर्तींच्या कामातून मोकळे नसतात. पावसाळाही नको, कारण दमट हवेत जलरंगाचा कागद काचेमागे फुगतो आणि त्याला लाटा येतात. परीक्षांचे दिवस वगळले की दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस तेवढे हाती उरतात.

निवडीचे काम सर्वांत अवघड, आणि सर्वांत अप्रिय. आलेल्या कामांत रंकाळा तलाव हमखास असतो: सकाळचा रंकाळा, सायंकाळचा रंकाळा, संध्यामठाचे पाण्यातले प्रतिबिंब. विषय जुना झाला म्हणून चित्र बाद करणे अन्यायाचे ठरेल. मात्र चित्रकाराने पाणी स्वतः पाहिले आहे की गुरुजींच्या चित्रातले पाणी उतरवले आहे, एवढे निवड समितीने पाहिलेच पाहिजे. येथील वास्तववादी निसर्गचित्रणाची परंपरा भक्कम आहे आणि तिच्या सावलीत वाढणाऱ्याला त्या सावलीचा भारही सोसावा लागतो. म्हणूनच जुन्या साड्यांचे तुकडे शिवून केलेली एखादी रचना किंवा गुऱ्हाळातील काहिलीच्या धुरावर केलेली कोळशाच्या रेखाटनांची मालिका समोर आली, की समितीत मतभेद होतात. ते व्हावेत. ज्याचे काम घेतले नाही, त्याला मात्र कारण समोर बसवून सांगायला हवे; नुसत्या यादीत नाव न दिसल्याने मुलगा काहीच शिकत नाही, फक्त पुढच्या वर्षी येत नाही.

आता मांडणी. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर आला, की उभ्या माणसाच्या नजरेला तो सहज पडतो. सर्व चौकटींच्या वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह नवख्या संयोजकाला होतो. पण आकार वेगवेगळे असतील तर मध्य जुळवणेच योग्य. भडक रंगांचा मोठा कॅनव्हास पंधरा बाय बावीस इंचांच्या हळुवार जलरंगाशेजारी लावला, तर लहान चित्र बिचारे दिसेनासे होते. काचेवर समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडते, तेव्हा शिडीवर चढून दिव्याची दिशा बदलावी लागते. प्लास्टरमधील व्यक्तिशिल्पावर अगदी समोरून उजेड पडला, तर त्याचे नाक-डोळे सपाट होतात; तोच प्रकाश बाजूने आला की गालाचे हाड उठून दिसते. ज्याने ते घडवले तो मुलगा हा फरक प्रथमच पाहतो आणि बराच वेळ बोलत नाही.

नावाच्या पट्टीवर किंमत लिहिण्याच्या वेळी सगळेच संकोचतात. कोणी रंग-कागदाचाही खर्च निघणार नाही एवढा आकडा सांगतो, कोणी ‘विकायचे नाही’ असे लिहायला सांगतो, आणि त्यामागे बहुधा चित्रावरचे प्रेम नसून कोणी घेतलेच नाही तर काय, ही भीती असते. संयोजक शेजारी बसून साहित्य, चौकट आणि लागलेले दिवस यांचा हिशेब मांडून देतात.

उद्घाटनाची भाषणे लांबतात, आणि त्या वेळात कोणालाही चित्र पाहता येत नाही. पाहुण्यांना आधी दालनातून फिरवून मग बोलायला सांगितले तर दोन्ही गोष्टी सुधारतील, असे आमचे मत आहे. त्यानंतर शाळांची मुले रांगेने येतात, मंडईतून परतणाऱ्या बाया पिशवी खाली ठेवून रंकाळ्यासमोर उभ्या राहतात, आणि दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत ‘छान’ या शब्दाखाली ‘छान’ साचत जाते. एखादा प्रेक्षक मात्र चित्रातील सावली चुकीच्या बाजूला पडल्याचे लिहून जातो. चित्रकार ती नोंद वाचतो, वही हातात घेऊनच चित्रासमोर जातो आणि खिडकी कोणत्या बाजूला होती ते आठवू लागतो.