उन्हाळ्यातला माळ

मार्च संपत आलाय, ज्वारीची काढणी उरकली, रानात धसकटं उरलीत आणि बालाघाटाचा हा डोंगर बघा, पार करपल्यासारखा दिसतोय. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, म्हणतात. पण बीड, धाराशिवकडच्या अशा माळावर सकाळी सहाला चालायला या, नऊपर्यंत फिरा, कारण त्यानंतर ऊन काय उभं राहू देत नाही.

पळस सगळ्यात आधी दिसतो. पानं गळलेली असतात त्यामुळं फुलं लांबूनच नजरेत भरतात, आपल्याही आणि पाखरांच्याही. फुलाच्या तळाशी मध, तो प्यायला चोच आत घातली की पराग डोक्याला लागतो आणि पाखरू दुसऱ्या फुलावर गेलं की तिथं पोचतो. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या सगळे येतात, पण गोंधळ घालतात त्या भोरड्या. ह्यांनाच पळसमैना म्हणतात, अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. हिवाळाभर ज्वारीच्या रानात ह्यांचे थवेच्या थवे, पोरं गोफण घेऊन मागं लागलेली असतात, पण नाकतोडेसुद्धा ह्याच खातात हे ध्यानात ठेवा. एप्रिलमध्ये ह्या निघाल्या की थेट मध्य आशियात जाऊन घरटी करतात.

आता ही नेपती. पान एक नाही, नुसत्या हिरव्या काटेरी काड्या, आणि त्याच काड्या पानाचं काम करतात, म्हणून पाण्याची नासाडी कमी. चैत्रात ह्या झुडपावर विटकरी लाल फुलं येतात. गौरांग नावाचं पांढरं फुलपाखरू, काळ्या शिरांचं, नेपतीच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

माझं आवडतं झाड मात्र रुई. शनिवारी मारुतीला हिच्या पानांची माळ घालतो आपण, आणि घरी गेल्यावर विसरून जातो. जरा थांबून बघा हिच्याकडं. पराग इथं धुळीसारखा उडत नाही, दोन छोट्या पुड्या एकत्र जोडलेल्या असतात आणि तो काळा भुंगा फुलावर बसला की ती जोडी त्याच्या पायाला अडकते, मग पुढच्या फुलात नेमक्या फटीत जाऊन बसली तरच फळ धरतं. हा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो, जुन्या घरांच्या वाशांतसुद्धा सापडतो. पान उलटं करा, सावकाश. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली का, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या? ही प्लेन टायगर फुलपाखराची, म्हणजे बिबळ्या कडव्याची. रुईचा चीक विषारी, जनावरं तोंड लावत नाहीत, पण ही अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक थांबवते आणि मग खाते, आणि तेच खाऊन अंगात कडूपणा येतो, म्हणून पाखरं सहसा वाटेला जात नाहीत. नाव कडवा पडलं ते त्यामुळंच.

एप्रिल लागला की कडुनिंब फुलतो, मागोमाग बहावा पिवळाधमक होतो, हळद्याची शीळ ऐकू येते, आणि मेमध्ये पावशा ओरडायला लागतो, पेरते व्हा, पेरते व्हा.

आणि ह्या सगळ्या उन्हात उघड्या माळावर, खड्यांमध्ये नुसता खळगा करून माळटिटवी अंडी घालते, बहुतेक वेळा चार, अगदी खड्यांच्याच रंगाची. पारा चाळीसच्या वर गेला की अंडी उबवायचा नाही, थंड ठेवायचा प्रश्न असतो, म्हणून टिटवी अंड्यांवर सावली करून उभी राहते, पाण्यात पोट भिजवून आणते. मी दुर्बिणीतून हे बघितलंय आणि तेव्हापासून माळावर पाय टाकताना खाली बघून टाकतो.

ह्याच दिवसांत आपल्याकडं बांध पेटवतात, माळाला पण आग लागते. तर पेटवायच्या आधी एक चक्कर मारा, टिटवी ओरडत अंगावर आली तर तेवढा तुकडा सोडून द्या, महिनाभराचाच प्रश्न आहे, पिल्लं अंड्यातून बाहेर आली की थोड्याच तासांत आपल्या पायानं चालायला लागतात.